वरचे पंधरा नॉट

दुसऱ्यांच्या जिवाची जोखीम मोजता मोजता विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना गल्लीत सगळे ‘कॅप्टन’ म्हणत. आयुष्यात ते एकदाही विमानात बसले नव्हते. उडत ते मागच्या खोलीत, संगणकावरच्या विमानाच्या खेळात, शिलाई मशीनच्या टेबलाला विमान चालवायचा दांडा अडकवून. तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारा माणूस.

लेकीनं परदेशातून दोघांची तिकिटं पाठवली होती. नातू चालायला लागला होता, आणि आजी-आजोबा मोबाइलमध्येच राहतात अशी त्याची समजूत झाली होती. कॅप्टननी अट घातली, लेकीच्या गावच्या धावपट्टीवर आपलं विमान एकदा नीट उतरलं की निघू.

ते काही उतरेना. हिशोब मात्र चोख. उरलेलं इंधन, प्रवासी, सामान धरून वजन काढायचं, त्या वजनाला उतरण्याचा वेग तक्त्यात बघायचा, समोरच्या वाऱ्यापोटी त्या वेगात थोडे नॉट मिळवायचे; विमानाचा वेग नॉटमध्येच मोजतात. एवढं करून विमान पट्टीवर तरंगतच राही आणि शेवटी पलीकडच्या गवतात जाई.

"आजपण गवतात?" बायको भाजी निवडता निवडता विचारी.

"पट्टीच आखूड आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

एके दिवशी ती स्टूल ओढून शेजारीच बसली. वाऱ्यासकट वेग आला एकशे अडतीस. कॅप्टननी लावला एकशे त्रेपन्न.

"हे वरचे पंधरा कसले?"

"असू देत. तू बसली आहेस ना विमानात."

"मी?"

"प्रवाशांत तुझं वजन धरतो मी. दर वेळी. वेग कमी पडला तर विमान कोसळतं."

"आणि जास्त झाला तर?"

कॅप्टननी पट्टीपलीकडच्या गवताकडे बोट दाखवलं.

"म्हणजे माझ्या काळजीपोटी रोज मलाच गवतात नेऊन घालता. काढा ते पंधरा."

त्यांनी काढले. विमान टेकलं, ब्रेक लागले, आणि पट्टी बरीच शिल्लक असतानाच मुकाट उभं राहिलं.

आता सबब उरली नव्हती. कॅप्टननी टेबलाचा दांडा सोडवून बाजूला ठेवला.

"मला भीती वाटते गं," ते शेवटी म्हणाले. "खऱ्या विमानाची."

"मलाही वाटते," बायको म्हणाली. "नाहीतर एकटी नसते का गेले?"