काटा चढतोय का उतरतोय

माझी मुलगी आठ महिन्यांची होती, तिला विठ्ठलवाडीला सासूबाईंकडे ठेवून मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत लागलेले. नवऱ्याची फॅक्टरी बंद, म्हणजे घर माझ्यावरच. शिक्षण सातवी, तीपण नापास. काम काय, तर कंट्रोल पॅनलमध्ये वायरी जोडायच्या, आणि ते मला चांगलं यायचं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा पवनचक्कीचं एक पॅनल आलेलं. वारा कमी-जास्त झाला तरी वीज एकसारखी निघाली पाहिजे, म्हणून वारा वाढला की पाती थोडी वळवून जास्तीचा वारा सोडून द्यायचा. हे वळवणं फझी लॉजिकनं करायचं होतं. आमचे साहेब नुकतेच कॉलेजातून आलेले, त्यांनी मला सांगितलेलं, "यात माणसाचं बोलणंच लिहायचं. वीज जरा जास्त, तर पातं जरा वळव. खूप जास्त, तर खूप वळव." मी म्हटलं, हे तर कोणालापण कळेल!

पण टेबलावर छोटी पवनचक्की ठेवून वाऱ्याच्या जागी मोटारीचा पंखा लावून बघितलं तर विजेच्या मीटरचा काटा नुसता झोके खायचा. शनिवारी गिऱ्हाईक बघायला येणार. सुपरवायझर बाई सगळ्यांसमोर बोलल्या, "पास नाही झालं तर नवीन पोरींना सुट्टी." नवीन म्हणजे मीच. नोकरी गेली की घरची चूल बंद.

शुक्रवारी वायरी सोलता सोलता मी त्या काट्याकडेच बघत होते. साहेब मोटारीचा वेग कमी करायचे, काटा खाली यायला लागायचा, तरी पाती आपली वळतच राहायची, मग वीज धपकन पडायची. माझा बापूस ठाण्याच्या खाडीत शिडाची होडी चालवायचा. लहानपणी दोर माझ्या हातात द्यायचा, आणि वारा पडायला लागला तरी मी शीड सैल सोडतच राहिले की ओरडायचा, "आगो येडे, उतरतोय ना वारा, अजून सोडतेस कशाला?"

शेवटी तोंडातून निघालंच. "साहेब, काटा किती वर आहे ते बघताय, पण चढतोय का उतरतोय ते कुठे बघताय? आमच्या होडीत ते आधी बघतात."

सुपरवायझर बाई हसल्या. "घ्या, कोळीण इंजिनीअर झाली!"

"कोळीणच आहे बाई, म्हणून वारा कळतो." मी म्हटलं.

साहेब हसले नाहीत. वही ओढली. "बोला. जास्त आहे, पण उतरतोय?"

"हात थांबवायचा."

"आणि काटा बरोबर जागेवर आहे, पण झपाट्यानं चढतोय?"

"आधीच थोडं सोडायचं. आदळेपर्यंत थांबायचं नाही."

संध्याकाळपर्यंत त्यांनी ते सगळं मशीनमध्ये भरलं.

शनिवारी गिऱ्हाइकानं स्वतः मोटारीचं बटण तीनदा गरकन फिरवलं. काटा थोडा हलला आणि उभा राहिला, तिन्ही वेळा.

बाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर ये, उशीर चालणार नाही."

मी एक दिवसपण उशिरा गेले नव्हते. तरी म्हटलं, "येते, बाई."