दुरुस्तीला दिलेलं कार्ड

गच्ची गळत होती म्हणून वडिलांनी सिमेंटचा नवा थर दिला आणि तो मुरावा म्हणून मातीचे छोटे बांध घालून वर पाणी साठवलं. शेतकरी माणूस, वाफे भरावेत तशी त्यांनी गच्ची भरली. ते गढूळ पाणी वायरिंगच्या पाइपातून थेट माझ्या कॉम्प्युटरवर उतरलं. बाकी सगळं वाळल्यावर सुरू झालं. ग्राफिक्स कार्ड मेलं.

गावच्या सोसायटीचं मतदान तोंडावर होतं. आमच्या पॅनेलसाठी मी व्हिडिओ करत होते. शेतात उभ्या राहून बायका संचालकांना सहा प्रश्न विचारतात: खताची पोती आधी कुणाच्या दारात उतरतात, इथपासून. कार्डाशिवाय तो पुरा होणार नव्हता.

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे पाहत मी वाढले. अक्षरं त्यांवरच गिरवली. ‘सभासद बंधूंनो’ वाचून, मग भगिनी कुठं गेल्या, असं मी लहानपणीच वडिलांना विचारलं होतं. तो व्हिडिओ म्हणजे माझं उशिरानं दिलेलं उत्तर होतं.

बारामतीत दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या. मग मी इंदापूरला मित्राकडं गेले. कॉलेजात आम्ही दोघांनी मिळून पत्रकं लिहिली होती, भिंतींवर चिकटवली होती. आता त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. माझे सहा प्रश्नही सगळ्यांत आधी त्यालाच वाचून दाखवले होते. त्यानं कार्ड उलटंपालटं पाहिलं. एक भाग जळलाय, पुण्याहून मागवतो, म्हणाला. पुढं फोन केला की तेच: भाग आला नाही.

शेवटी न कळवता गेले. दुकानात एक कॉम्प्युटर झाकण काढून चालू होता आणि त्यात माझं कार्ड होतं. पंख्याच्या कडेला आमच्या गच्चीची माती अजून होती. स्क्रीनवर सत्ताधारी पॅनेलचा पुढारी हात जोडून बोलत होता. खत आधी कुणाला मिळतं, ते आम्ही सांगतो, म्हणत होता. मग दुसरा प्रश्न, तिसरा. सहाही, माझ्याच क्रमानं.

“बस की, चहा सांगतो,” मित्र म्हणाला.

“भाग कधी आला?”

“झालं थोडं दिवस. त्यांचं काम घाईचं हुतं, माझ्या कार्डावर चालंना.”

“आणि प्रश्न?”

“प्रश्न काय तुझ्या एकटीचं हायत व्हय? गावाचं हायत. उत्तरं मिळाली न्हवं, आता काय पायजे तुला?”

प्रश्न साऱ्या गावाचा असतो, असं प्रत्येक पत्रकात मीच लिहीत आले होते.

कार्ड काढ, म्हटलं. व्हिडिओ पुरा होऊ दे, म्हणाला. मी बटण बंद केलं. त्यानं स्क्रू सोडवले, कार्ड नीट गुंडाळून हातात दिलं आणि म्हणाला, “काम मात्र एक नंबर झालंय.”

खरंच झालं होतं. पण उरलेलं काम त्यांनी रात्रीतून दुसरीकडं उरकलं; त्यांचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सकाळीच गावभर फिरला, आमचा संध्याकाळी. पारावर लोक दोन्ही लावून बघत होते. माझ्यावर जीव असलेल्या एका आबांनी कौतुक केलं आणि सहज विचारलं, हे त्यांचंच बघून केलंस ना? आमचं आधीचं आहे, हे मी कितीदा सांगितलं. ते मान हलवत राहिले.

पहिला प्रश्न विचारणारी मावशी घरी आली. नवऱ्याचा विरोध असताना ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती. आता, दुसऱ्यांचे प्रश्न बोलली म्हणून, तिला लोक हसत होते.

“खरं सांग पोरी,” ती म्हणाली, “आमी बोललो ते कुणाचं हुतं?”

तुमचंच, मी म्हणाले. तिला ते पटलं नाही.