माझ्या नावाचं फोल्डर

अंबडच्या आमच्या छोट्या ऑफिसात मी वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहायचे, तेही पास्कलमध्ये. बाकीच्यांच्या लेखी ही भाषा कधीच स्वर्गवासी झाली होती, पण आमचे काटे तिच्यावरच चालत आणि ती फक्त मला येत होती. नवरा सुरगाण्याच्या आश्रमशाळेत शिक्षक. तिथेच मला कॉम्प्युटर शिकवायची नोकरी मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. ऑफिसचे मालक, आमचे सर, यांनी अट घातली, सटाण्याच्या कांदा मार्केटमधल्या काट्याला नवीन यंत्र बसवलंय, त्यावर प्रोग्रॅम चालू करून द्या, मगच सोडल्याचं पत्र. शुक्रवार उजाडला तरी ते जमत नव्हतं.

त्या यंत्राची चिप वेगळी, म्हणून प्रोग्रॅम आमच्या कॉम्प्युटरवर बसून तिच्यासाठी तयार करायचा. तो तयार करून देणारा कंपायलर दर वेळी एकच रडगाणं गाई: मूळ युनिट, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा तयार भाग, सापडत नाही. युनिट माझ्या डोळ्यांसमोर होतं. ते कुठे शोधायचं हे मी सगळ्यांसाठीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. तो ढिम्म.

दुपारी डबा तसाच राहिला. खिडकीला जाळी, दाराशी सरांची केबिन. वाटलं, ही माणसं मला इथेच म्हातारी करणार. रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग.

शेवटी कंपायलरलाच विचारलं, बाबा, तू शोधतोस तरी कुठे कुठे? तशी सोय असते. त्याने पाढा वाचला, आणि पहिलीच ओळ माझ्या स्वतःच्या फोल्डरची. तिथे सेटिंगची एक जुनी फाइल पडून होती. ती मिळाली की स्वारी सगळ्यांसाठीची फाइल उघडतच नसे, आणि मी दिवसभर नेमकी तीच दुरुस्त करत बसले होते. जुन्या फाइलमधला रस्ता आमच्याच कॉम्प्युटरच्या युनिटांकडे जायचा. नव्या चिपला ती काय कामाची? काखेत कळसा नि गावाला वळसा.

पण हे कोणाच्या लक्षात येणार कसं? आमच्याकडे रीतच पडली होती. कोणी नवीन आलं की त्याला सांगायचं, मॅडमच्या नावाने लॉगिन करा, तिथे सगळं चालतं. सर स्वतःसुद्धा माझ्याच नावाने बसत, म्हणजे प्रत्येकाला आधी माझीच जुनी फाइल मिळायची.

ती फाइल मी उडवली आणि माझ्या फोल्डरशिवायही चालतं हे दिसावं म्हणून सरांना बोलावून त्यांच्या स्वतःच्या नावाने लॉगिन करायला लावलं. पासवर्ड आठवेना, नवा घ्यावा लागला. प्रोग्रॅम त्यांच्या हातून तयार झाला. सटाण्याला पाठवला, आणि थोड्या वेळाने काटेवाल्याचा फोन आला की कांद्याच्या ट्रॅक्टरचं वजन बरोबर येतंय.

सरांनी केबिनमधून माझं पत्र आणलं. त्यावर सही करता करता म्हणाले, "आता तुमचं नाव काढून टाकलं तरी चालेल ना कॉम्प्युटरवरून?"

सुटायला मीच तडफडत होते, तरी ते वाक्य लागलं. एकदा तरी थांबा म्हणतील, असं वाटलं होतं.

"टाका," मी म्हणाले, आणि तसाच भरलेला डबा पिशवीत घालून सुरगाण्याची जीप गाठायला निघाले.