पाठीवरचा डबा
पाण्यावर डिझेलचा वास आला की मला दौंडच्या खालच्या अंगाची आमची भीमा आठवते. तेव्हा नदीत वाळूच्या बोटी दिवसभर धडधडायच्या. पोहणाऱ्यांसाठी पात्रात लाल फडक्याची काठी रोवली होती; तिच्या अलीकडं बोट आणायची नाही, असं बोटवाल्यांनी कबूल केलं होतं. माझा थोरला भाऊ कुरकुंभला कंपनीत होता. लग्न ठरल्यावर त्यानं पोहणं शिकायचं मनावर घेतलं. त्या सकाळी आमच्या वडिलांनी, आबांनी, तोंड झाळून बंद केलेला तेलाचा रिकामा डबा त्याच्या पाठीला बांधला, दोर दोनदा ओढून पाहिला. “आता सुटायचा न्हाई. जा बिनघोर,” म्हणाले. भाऊ हातपाय मारत काठीजवळ पोचला, आणि वाळूनं भरलेली बोट काठीच्या अलीकडून आली. बोटवाल्याला फक्त वळसा वाचवायचा होता. “बुडी मार! खाली जा!” आबा काठावरून ओरडत राहिले. तो बुडी मारतच होता. डोकं खाली जायचं, डबा त्याला पुन्हा वर आणायचा. नंतर, काठावर आणून ठेवलेल्या भावाच्या पाठीवरची ओली गाठ आबा नखांनी सोडवत बसले. कुणी विळा पुढं केला तर हात झिडकारायचे, “थांबा, सुटंल,” म्हणायचे. गाठ सुटली नाही. दुसऱ्या दिवशी बोटी पुन्हा धडधडू लागल्या. आता माझी मुलगी पोहायला शिकवा म्हणून मागं लागते. शिकवायचं तर तिच्या पाठीला काहीतरी बांधावं लागेल.