दोराचा खुंटा

लोक म्हणतात, आसावरी परुळेकरचं नाव निघालं की शशिकलाच्या पोटात दुखतं. दुखतं, मग? पोट माझं आहे.

दोह्यातल्या आमच्या मंडळाच्या बायकांच्या रस्सीखेच संघात मी सगळ्यात शेवटी उभी राहायचे. दोर काखेतून पाठीवर घ्यायचा, टाचा रोवायच्या आणि पुढच्या सातजणींना हलू द्यायचं नाही. या जागेला आम्ही खुंटा म्हणतो. इकडे फेब्रुवारीत क्रीडा दिनाची सुट्टी असते, तेव्हा सगळ्या मंडळांचे सामने होतात. तेवढा एक दिवस मी संजीवची बायको नसायचे, अनुजाची मम्मी नसायचे. मैदानावर माणसं बोट दाखवून म्हणायची, "तो बघ त्यांचा खुंटा." माझी एवढीच काय ती मिरवायची जागा होती.

पण इथला संघ म्हणजे व्हिसा आहे तोवर. एका उन्हाळ्यात पाचजणी गेल्या. कुणाच्या नवऱ्याचं काँट्रॅक्ट खलास, कुणी कॅनडाला, कुणी बाळंतपणाला माहेरी. उरलो तिघी. मग आमचे क्रीडा सचिव गोविंदराव कंबर कसून कामाला लागले. दोह्यात 'ट्रान्सफर' नावाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, मंडळ बदलून खेळायचं असेल त्या बायका तिथे नाव टाकतात. गोविंदराव तिथे स्थळं बघावीत तसे बघत बसायचे. उंची किती, वजन किती, व्हिसा कधी संपतोय. शेवटी त्यांनी दोन गुजराती जावा आणल्या, इंदूरची ईश्वरी आणली, नाशिकची एक नवी सून आणली. आणि ही आसावरी.

वेंगुर्ल्याची. दोह्यातल्याच नजमा भागात एका कॅफेटेरियाच्या वर नवऱ्याबरोबर, देवीदासबरोबर, राहायची. नोकरी एका बांधकाम कंपनीत, अकाउंट्सला. अंगाने दणकट, आणि हसली की पार्किंगमधल्या माणसाने वळून बघावं. अल रय्यानच्या पार्कात सकाळी सकाळी प्रॅक्टिसला बांगडे तळून आणणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. आणि बाकीच्याही काय, तुटून पडायच्या! माझ्या इडल्या डब्यात तशाच.

पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काय गो शशी?" अहो, माझ्या सासूने मला कधी शशी म्हटलं नाही! मी मात्र ठरवून टाकलं, हिला अहो-जाहोच करायचं. "या आसावरीताई, बसा." अहो म्हटलं की माणूस आपोआप चार हात लांब राहतं.

आता दोराची एक गंमत ऐका. समोरच्यांनी जोर लावला की आम्ही खाली बसल्यासारखं वजन टाकून दोर नुसता धरून ठेवायचो. त्यासाठी माझी हाक ठरलेली होती, "बस!" जुन्या संघात सगळ्या मैत्रिणी, एकमेकींना अगं-तुगं, त्यामुळे कधी अडलं नाही. नव्या संघाच्या पहिल्या प्रॅक्टिसला मी जीव खाऊन ओरडले, "बस!" ईश्वरी आणि दोन्ही जावा यांना वाटलं, बस म्हणजे पुरे. तिघींनी आज्ञाधारकपणे दोर सोडून दिला. उरलेल्या पुढच्या पुढे फरफटत गेल्या आणि मी माझ्या पुढच्या आसावरीच्या अंगावर जाऊन आदळले.

सगळ्या हसून हसून लोळल्या. आसावरी मातीतूनच म्हणाली, "ही आमची बस कंडक्टर!" झालं. मी खुंट्याची कंडक्टर झाले.

मग नवी हाक शोधायची वेळ आली. कुणी अरबांसारखं 'यल्ला', म्हणजे 'चला', म्हणालं, कुणी होल्ड. आसावरी म्हणाली, "बसा म्हणूया. 'बसा'मधी घोटाळो नाय. माका शशीक बघून सुचला. ती माका सदा बसा बसा म्हणता, पण जवळ काय बसूक देना नाय." परत हशा. मी बुटाची नाडी बांधत होते, बांधतच राहिले.

पुढच्या आठवड्यात गोविंदराव म्हणाले, "शशिकलाताई, यंदा शेवटी आसावरी. तुम्ही सातव्या." वर म्हणतात कसे, "हलवून खुंटा बळकट करतोय." मी म्हटलं, "गोविंदराव, हलवून नाही, उपटून!" पण ऐकतो कोण.

त्या क्रीडा दिनाला मी सातवी उभी राहिले, मानेवर तिचा श्वास घेत. खोटं कशाला बोलू, ही घसरावी म्हणून मी गणपतीला साकडं घातलं होतं. घसरली नाही. "बसाऽऽ" असा तिने आवाज दिला की आठजणी एका अंगाने खाली जायच्या. आम्ही केरळच्या बायकांना ओढलं, चषक आणला, आणि खांद्यावर उचललं ते आसावरीला. अनुजा म्हणाली, "आई, शी वॉज ऑसम!" संजीवने काढलेल्या फोटोत आसावरी पूर्ण आली आणि माझा एक कान आला. तो फोटो त्याने फ्रिजवर लावला.

पावसाळ्यात, म्हणजे इकडे कसला पाऊस, जुलैत, देवीदासला गॅस प्लँटमध्ये नोकरी लागली आणि दोघं तिकडे लांब अल खोरला राहायला गेली. तिकडच्या मंडळाने तिला ग्रुपवरून लगेच उचललं. सुंठीवाचून खोकला गेला! गोविंदराव तोंड पाडून म्हणाले, "ताई, खुंटा परत तुमचाच." मी घरी शिरा केला.

पण प्रॅक्टिसला काही मजा येईना. मी "बसा" ओरडायचे, बायका बसायच्या, दोर जागचा हलायचा नाही. सगळं बरोबर. मधेच जावा विचारायच्या, "आसावरीदीदी कैसी है?" मला काय ठाऊक कशी आहे! माझ्या इडल्या आता संपायच्या, तरी मला राग यायचा.

मग तिने ग्रुपवर तिच्या नव्या संघाचा फोटो टाकला. मी तो बोटांनी मोठा करून बघितला. शेवटी ही, बत्तीशी दाखवत. हिच्या पुढे, सातव्या जागेवर, कुणी पूर्णिमा नावाची. अगं, काय ते मनगट! काडी! असली बाई पुढे घेऊन खुंट्याने काय करायचं? आणि या पूर्णिमालाही आसावरी "गो" म्हणत असेल का? बांगडे आणत असेल का? रात्री जेवताना संजीवने विचारलं, "काय झालं, गप्प का?" मी म्हटलं, "काही नाही, वरणात मीठ जास्त पडलंय." मीच केलेलं वरण.

या फेब्रुवारीत शेवटचा सामना आमचा आणि अल खोरचा. दोराच्या या टोकाला मी, त्या टोकाला ती. शिट्टी झाली. पहिल्याच झटक्याला आम्ही त्यांना हातभर ओढलं. पूर्णिमा लटपटली. म्हटलं, आली वेळ! तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "बसाऽऽऽ!"

त्यांच्या आठजणी बसल्या.

आमच्याही आठजणी बसल्या! वर्षभर त्याच हाकेवर खाली गेलेली कंबर, ती काय विचारून जाते? मी, खुंटा, सगळ्यात आधी बसले. सोळा बायका टाचा रोवून ढिम्म, दोर जागच्या जागी, कुणी ओढेना, आणि मैदान हसतंय. गोविंदराव डोक्याला हात लावून ओरडत होते, "अहो, ती आपली नाही आता!"

दोराच्या त्या टोकावरून आसावरी गदगदून हसत ओरडली, "गो शशी, तुका सांगूक नाय मी!"

माझ्या तोंडून असं निघालं की सगळ्या वळून बघायला लागल्या. "मग कुणाला सांगतेस गं, भवाने?"