गुरुवारी भरणारं देऊळ

गेल्या गुरुवारी दुपारी आमच्या पिंपरीजवळच्या रहाटणीत नेहमीसारखी दुरुस्तीसाठी लाइट गेली. लिफ्ट बंद, पंखा बंद, आणि मिक्सरमध्ये अर्धवट वाटलेली चटणी बघत सूनबाई चिडलेली... "गुरुवार म्हणजे नुसता वैताग," म्हणाली.

पण गुरुवारला कुणी नावं ठेवली की मला बाबा आठवतात.

बाबा मिशनचे प्रचारक. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट सांगतेय... पिंपरीपासून चालत जाण्याजोग्या एका खेड्यातलं मेथडिस्ट चर्च बाबांकडे होतं. चर्च म्हणजे कौलारू एक खोली, सारवलेली जमीन, बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, मध्ये पेटी आणि ढोलकी. गावात सगळे त्याला देऊळच म्हणत, आणि बाबांना मास्तर.

ते देऊळ आमच्या लोकांनी स्वतः दगड वाहून बांधलेलं होतं. आजोबांच्या काळात गावातल्या देवळाची पायरी आम्हाला चढू देत नव्हते... म्हणून त्या एका खोलीवर सगळ्यांचा फार जीव.

मग पिंपरीला कारखाने आले. आम्ही खूश झालो, खोटं कशाला बोलू... दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्यांना पगार मिळायला लागला, पायात चप्पल आली. पण सुट्टी मिळाली ती गुरुवारची. रविवारी भोंगा झाला की आमची सगळी मंडळी सायकलीवर टांग टाकून कामाला.

रविवारी देवळात उरायची आई, आम्ही भावंडं आणि साळूमावशी. मावशी शेजारची म्हातारी, डोळ्यांनी पार अधू, भिंत चाचपत यायची. बाबा तेवढ्यांसमोरसुद्धा कोट घालून पूर्ण उपदेश करायचे.

आईचा भाऊ शांतवनमामा त्याच कारखान्यात होता. एकदा तो बाबांना म्हणाला, "मास्तर, रविवार कंपनीनं नेला. देऊळ गुरवारी भरवा की. आमी येतो समदी."

बाबांना पटेना. बरेच दिवस घरात नुसते येरझाऱ्या घालत होते... शेवटी एका गुरुवारी संध्याकाळी त्यांनी घंटा वाजवली, मिशनला काही न कळवता. माणसं दारापर्यंत बसली होती. ढोलकीला किती दिवसांनी हात लागला. पण बाबांनी रविवारही सोडला नाही, आणि साळूमावशी दोन्ही दिवस यायची.

असं वर्षभर सुखात चाललं... आणि एका रविवारी मिशनचे मोठे साहेब मोटारीतून दारात. आपलेच, मराठी माणूस, स्वभावानं मऊ. रिकामी पडलेली देवळं बंद करायचं वर ठरलं होतं, आणि आमचं रिकामं आहे का ते बघायला ते आले होते. आत बघतात तर आम्ही आणि साळूमावशी.

"मंडळी कुठंय, मास्तर?" त्यांनी विचारलं. बाबांपुढे पेच पडला. गुरुवारचं सांगावं तर मिशनला न विचारता वेगळा वार धरल्याचा ठपका येणार, न सांगावं तर देऊळ जाणार...

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आई उभी राहिली. "साहेब, गुरुवारी या. बसायला जागा मिळायची नाही तुम्हाला."

बाबा त्या दिवशी आईशी बोलले नाहीत. जेवलेही नाहीत.

साहेब खरंच आले हो, गुरुवारी. मागे सतरंजीवर मांडी घालून बसले. शांतवनमामानं गायन, म्हणजे आमचं भक्तिगीत, असं काही उचललं की साहेबही मांडीवर ताल धरायला लागले... प्रार्थनेत त्यांचे डोळे पाणावले, मी बघितलं. आईनं माझा हात घट्ट दाबला. मला वाटलं, झालं, वाचलं आपलं देऊळ.

उपासना झाल्यावर साहेब बाबांना पायरीवर घेऊन गेले. मी दाराशीच होते. "मास्तर, मंडळी जिवंत आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. पण वर मला रविवारची हजेरीच विचारतात... गुरुवारचं मी तिथं कोणत्या तोंडानं सांगू?" आत लोकांचं गाणं अजून चालूच होतं.

महिन्याभरात कुलूप लागलं. बाबांची बदली नगरकडे, मिशनच्या एका मुलांच्या बोर्डिंगवर. बैलगाडीत सामान चढवताना बाबा आईला म्हणाले, "तू बोललीस ते बरं केलंस. मला जमलं नसतं." त्या रविवारनंतर ते तिच्याशी पहिल्यांदाच धड बोलत होते.

पुढे शांतवनमामा आम्हाला भेटायला आला. सांगत होता, साळूमावशी अजून दोन्ही दिवस जाते, पायरीवर बसते आणि घरी येते. "तिला म्हनलं, मावशी, देऊळ बंद झालं, कशाला हेलपाटे घालती? तर म्हनती, मला दिसत न्हाई, पर दार हाय न्हवं जाग्यावर?" हे ऐकून बाबा उठून मागल्या अंगणात गेले, ते जेवायची हाक मारली तरी येईनात.

परत कधी त्यांना देऊळ मिळालं नाही. आता ना बाबा आहेत, ना आई... त्या जागी काय उभं आहे ते बघायला मी गेलेच नाही. धीर होत नाही.

लाइट गेली त्या दुपारी खिडकीतून खाली बघितलं. सोसायटीतली कंपनीवाली मुलं कट्ट्यावर बसली होती, एक जण बाइक धूत होता. गुरुवारची सुट्टी... इतकी वर्षं झाली, इथली माणसं अजून गुरुवारीच मोकळी असतात.

मी खुर्चीत बसून बाबांचं एक गायन म्हटलं, हळूच. आवाज आता साथ देत नाही. सूनबाई चटणी सोडून दारात येऊन उभी राहिली. "आई, आज काही आहे का?"

म्हटलं, "हो गं... आज आमचा रविवार."