आमच्या बाकावरचे परदेशी

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साचतात, तसे ते साचत जातात. मग एक दिवस कपाट उघडावं तर सगळे एकदम अंगावर!

आमचं कपाट म्हणजे खामगावातल्या एका मैदानाकडेचा सिमेंटचा बाक. सकाळी फिरून झालं की आम्ही चौघं तिथे बसतो, समोरच्या टपरीवरून चहा येतो. पूर्वी गप्पा असायच्या कापसाच्या भावाच्या, गुडघ्यांच्या आणि शुगरच्या. आता असतात व्हिसाच्या, बॅगेच्या वजनाच्या आणि 'तिकडे आत्ता किती वाजले असतील' याच्या. कारण चौघांचीही पोरं परदेशात.

गजाननराव तहसील ऑफिसातून रिटायर झाले, त्यांची मुलगी जर्मनीत. चौधरी सरांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात. माझी मुलगी नेदरलँड्समध्ये. मी बँकेत होतो, यापलीकडे माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चौथे पुंडलिकभाऊ. मूळचे वरवट बकालचे. शेती तिकडेच, धाकटा भाऊ बघतो. पोराच्या शाळेसाठी त्यांनी खामगावात घर बांधलं. पोरगं शिकलं आणि कॅनडाला गेलं. वहिनी मध्येच वारल्या. आता ते घर आहे आणि त्यात भाऊ आहेत.

* * *

गजाननरावांचा जन्म एसटीत गेला. नांदुऱ्याच्या स्टँडवर गाडी लागता लागता खिडकीतून रुमाल टाकून सीट धरण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. एवढा अनुभव गाठीशी बांधून ते मुलीकडे जायला पहिल्यांदा विमानात बसले.

विमान वर गेलं, जेवण झालं, आणि त्यांना बाथरूमला जायचं होतं. ते उठले. खिशातून रुमाल काढला, नीट पसरून सीटवर ठेवला. शेजारी एक गोरा गृहस्थ पुस्तक वाचत होता. त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "जागा पाहजा भाऊ, आलोच." गृहस्थाने मान हलवली. काय समजला ते त्यालाच ठाऊक.

परत येऊन बघतात तर रुमाल नाही! हवाई सुंदरीने तो उचलून घडी करून समोरच्या खिशात ठेवला होता. सीट मात्र रिकामीच होती. तरी गजाननरावांनी उरलेला सगळा प्रवास जागचे न हलता काढला. पाय सुजले.

चौधरी सर हे ऐकून हैराण. म्हणाले, "अहो गजाननराव, विमानात उभं कोण असतं, तुमची जागा घ्यायला?"

"उभं कोणी नसते सर," गजाननराव शांतपणे म्हणाले, "पण माह्या मांगच्या लाइनीत एक जण सारखा इकडं तिकडं पाहून राह्यला होता!"

* * *

चौधरी सरांना कुणी काही विचारलं की ते आधी घसा खाकरतात. ही सवय त्यांना ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर नडली. किंवा तारली, आमच्यात यावर अजून एकमत नाही.

तिकडे खाण्याच्या वस्तूंची तपासणी फार कडक. सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की माझ्या बॅगेत मुंगवड्या आहेत. अधिकाऱ्याने डबा उघडून एक वडी उचलली, उजेडात धरली आणि विचारलं, "हे काय आहे?"

सरांनी घसा खाकरला. मूग किती वेळ भिजवायचे, वाटण किती जाड ठेवायचं, कापडावर वड्या कशा तोडायच्या, सगळं इंग्रजीतून. मग वऱ्हाडातलं ऊन, तिथली कोरडी हवा, आणि कोकणात याच वड्या का वाळत नाहीत याची भौगोलिक कारणं. मागे रांग वाढत गेली. अधिकाऱ्याने मध्ये दोनदा डबा बंद करून पाहिला. सर थांबले नाहीत. शेवटी त्यानेच बॅगेची चेन लावली आणि बॅग सरांच्या हातात दिली.

बाहेर मुलगा काळजीत उभा होता. "बाबा, काही त्रास नाही ना झाला?"

"छे! त्रास कसला? जाताना मी विचारलं सगळ्यांना, कुणाला काही शंका? एकानंही हात वर केला नाही!"

* * *

आता आमच्या घरचा एक. आम्ही दोघं मुलीकडे गेलो होतो. ती दिवसभर ऑफिसात, आम्ही दिवसभर खिडकीत. तिकडे शांतता इतकी, की कुकरची शिट्टी झाली तरी आपलाच आवाज चढल्यासारखा वाटे.

एक दिवस शेजारच्या घरासमोर गाड्या लागल्या. माणसं उतरली. बायकांनी काळे कपडे घातलेले, पुरुषांचे कोट काळे. सगळे मागच्या बागेत हळू आवाजात बोलत उभे. त्या घरात एक म्हातारं जोडपं राहायचं, त्यातले आजोबा काही दिसेनात. हिने खिडकीतून पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला. "गेले वाटते हो बिचारे."

आपल्याकडे ज्या घरात माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी नेऊन देतात. हिने तासाभरात पिठलं केलं, भाकरी टाकल्या, डबा भरला आणि डोक्यावरून पदर घेऊन निघाली. मी म्हटलं, आधी पोरीला फोन करून विचारू. तर म्हणे, "अशा वेळी विचारत बसते काय कोणी?"

जाऊन थेट त्या आजींशेजारी बसली. त्यांचा हात हातात घेतला आणि रडली. आजीही रडल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. तेवढ्यात घरातून आजोबा केक घेऊन बाहेर आले! त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता.

संध्याकाळी मुलीला कळलं तेव्हा तिला लाजेनं कुठे तोंड लपवावं असं झालं. दुसऱ्या दिवशी आजी स्वतः डबा परत द्यायला आल्या. डबा स्वच्छ धुतलेला आणि आत केक. हिने झाकण उघडून पाहिलं आणि मला म्हणाली, "पाहा, रिकामा डबा नाही देल्ला. चांगल्या घरची बाई हाय."

* * *

पुंडलिकभाऊंचे किस्से कमी, कारण ते बोलतातच कमी. त्यांचा नितीन गेला तो परत आलाच नाही. भांडण वगैरे काही नाही. रोज फोन. पण आधी कागदपत्रं अडकली, मग नोकरी बदलली, मग रजा नव्हती. आईच्या वेळीही त्याला पोचता आलं नव्हतं. बरीच वर्षं झाली. दर दिवाळीला आम्ही विचारायचो, "भाऊ, यंदा नितीन?" भाऊ म्हणायचे, "पाहू."

एकदा सरांनी स्पष्टच विचारलं, "तुम्ही त्याला 'ये' म्हणता का कधी?"

"त्याले काऊन म्हणायचं?" भाऊ म्हणाले. "बलावते पाव्हण्याले. घर त्याचंच हाय."

"अहो, पण त्याला कळणार कसं?"

भाऊंनी चहाचा घोट घेतला. त्यांना पोरगं हवं होतं हे आम्हाला दिसत होतं, टपरीवाल्यालाही दिसत असावं. फक्त बोलायचं नव्हतं. शेवटी नितीननेच तिकीट पाठवलं आणि उन्हाळ्यात भाऊ कॅनडाला गेले. जाताना त्यांना एकच चिंता. पोळा त्या मुक्कामात येत होता.

* * *

परत आल्यावर आम्ही त्यांना बाकावर बसवून खोदून खोदून विचारलं.

"काय सांगू? पोरगं दिसभर खुर्चीले जुपलेलं रायते. कानात ते यंत्र अन् एकटंच बोलते. मले वाटे, माह्याशीच बोलून राह्यलं. मी आपला हाव, हाव म्हणत मुंडी हालवत जाओ. एक डाव तिकडून त्याचा साहेब म्हणे, हे कोण हाव म्हणून राह्यलं?"

"अन् पोळा?" गजाननरावांनी विचारलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून आवळलेल्या खांद्यांना कोमट तूप-हळद चोळायची आणि त्यांच्या कानाशी म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' आवतन म्हणजे जेवणाचं आमंत्रण. भाऊंनी ते आजवर कधी दुसऱ्याच्या हातून होऊ दिलं नव्हतं.

इकडे संध्याकाळ तेव्हा तिकडे सकाळ. धाकट्या भावाने वरवट बकालच्या गोठ्यातून व्हिडिओ कॉल लावला. भाऊंनी तिकडच्या किचनमध्ये वाटीभर तूप गरम करायला ठेवलं.

"अहो, बैल इकडे, मग तूप तिकडे कशाला?" सर म्हणाले.

"मंग काय रिकाम्या हातानं आवतन देता?"

तूप तापलं जास्त. धूर झाला आणि छताला लावलेला भोंगा बोंबलायला लागला. नितीन कानातलं यंत्र काढून आतून धावत आला. सारखं खुर्चीत बसून त्याची मान आखडली होती, मान वळेना म्हणून तो अख्खाच वळून भोंगा शोधत होता. त्या गोंधळात भाऊंनी फोन तोंडाजवळ धरून खच्चून आवतन दिलं. इकडे गोठ्यात धाकट्याने फोन हिऱ्या बैलाच्या कानाशी नेला, तर हिऱ्याने फोनच चाटला. स्क्रीनभर नुसती जीभ!

"ओयखलं त्यानं मले," भाऊ म्हणाले.

आम्ही पोट धरून हसत होतो. गजाननरावांनी विचारलं, "अन् त्या तुपाचं काय केलं भाऊ?"

"फेकून देता काय? खाली बसवलं नितीनले. कोमट झालं, तसं लावून देल्लं त्याच्या मानेले, खांद्याले. कसे दगडावानी झाले होते खांदे पोराचे."

"मंग आवतन बी देल्लं असन त्याले!" गजाननराव टाळी द्यायला हात पुढे करून म्हणाले.

भाऊंनी टाळी दिली नाही. "चहा थंडा होऊन राह्यला," एवढंच म्हणाले. त्यांचा ग्लास केव्हाच रिकामा झाला होता.

* * *

यंदाच्या पोळ्याला भाऊंनी आम्हा तिघांना वरवट बकालला पुरणपोळीला बोलावलं होतं. पोळा फुटला, बैल घरी आले. शिंगांना रंग, अंगावर झूल, हिऱ्या सगळ्यात पुढे. भाऊंची भावजय आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. भाऊ तांब्यातून हिऱ्याच्या पायावर पाणी घालत होते.

तेवढ्यात शेगाव स्टेशनवरून आलेली एक टॅक्सी घरासमोर थांबली. पाठीला बॅग अडकवलेला एक माणूस उतरला. आम्ही कुणी ओळखलं नाही. हिऱ्याने मान उचलून बघितलं, म्हणून भाऊंनी बघितलं. तांब्यातलं पाणी पडत राहिलं.

"काऊन रे?" भाऊ म्हणाले. "फोन नाही, काही नाही?"

"फोन कशाचा बाबा?" नितीन दारातच उभा राहून म्हणाला. "आवतन होतं ना. यायले वरीस लागलं."

भाऊंनी तांब्या पुन्हा भरून घेतला.

"पाय धुऊन घे," ते म्हणाले. "पण आधी हिऱ्या जेवन, मंग तू."